घारपुरेकाकांची हाक

घारपुरेकाका समोर बसलेले असत आणि दिसत नसत. हे मी रंगवून सांगत नाही. सिंगापुरातल्या हौगांगला आमच्या इमारतीखाली जो मोकळा भाग आहे, ज्याला इथे सगळे व्हॉइड डेक म्हणतात, तिथल्या एका खांबाला पाठ टेकून ते रोज संध्याकाळी बसायचे. मातकट हिरवा शर्ट, तशीच पँट, तशीच टोपी, हात मांडीवर. मी ऑफिसातून आलो की त्या खांबापाशी लिफ्टची वाट बघत उभा राहायचो, फोनवर बायकोशी हुज्जत घालायचो, कधी तरी नाकसुद्धा कोरलं असेल. त्या घरात राहायला येऊन पुष्कळ दिवस झाल्यावर एका संध्याकाळी खांबातून मराठी आवाज आला.

"तिचंच बरोबर आहे. कबूल करून टाक आणि वर जा."

माझ्या हातातला फोन खाली पडला. मी खांबाकडे बघितलं तरी मला तिथे माणूस दिसेना. आधी टोपीची कड दिसली, मग नाक, मग हळूहळू, पाण्यातून वर यावा तसा, सगळा म्हातारा दिसला. त्याने पापणीही हलवलेली नव्हती. "मी घारपुरे. चौथा मजला," एवढं बोलून तो परत खांब झाला.

तेव्हापासून मला त्या इमारतीत सारखं कुणीतरी आहे असं वाटू लागलं. आणि बहुतेक वेळा असायचंच. जिन्याच्या वळणावर, सायकली ठेवायच्या जाळीशेजारी, फ्रँजिपानीच्या, म्हणजे आपल्या चाफ्याच्या, झाडाखालच्या बाकावर. माझ्या बायकोला, मेधाला, हा प्रकार अजिबात आवडत नसे. ती म्हणायची, माणसाने कसं, एक तर असावं नाही तर नसावं. एकदा आम्ही तिघं बाकाजवळून जात होतो. काका बसले होते, डोळे उघडे, छातीही हलत नव्हती. मेधाने माझा दंड घट्ट धरला. आमची सहा वर्षांची अन्वी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाकडे बारकाईने बघून आली आणि इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल इज नॉट डेड ला, बाबा. ही इज ओन्ली वेटिंग."

कशाची वाट, हे आम्हाला कळायला अजून वेळ होता.

चिनी लोकांचा सातवा महिना आला. या महिन्यात मेलेली माणसं घरी येतात अशी इथली श्रद्धा आहे. लोक रस्त्याच्या कडेला कागदी नोटा जाळतात, उदबत्त्या खोचतात, संत्री आणि भात ठेवतात. शेजारच्या इमारतीतली एक म्हातारी फ्रँजिपानीखाली आपलं ताट मांडायला आली. काका बाकामागे गवतात झाडाला टेकून बसलेले. तिने त्यांच्या पायापाशी उदबत्त्या लावल्या, संत्री रचली, हात जोडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे तोंड करून काहीतरी सांगत राहिली. शेवटी डोळे पुसले आणि निघून गेली. मी हे वरून, कॉरिडॉरमधून बघत होतो. खाली जाऊन काकांना विचारलं की तुम्ही बोलला का नाहीत.

ते म्हणाले, "हललो असतो तर ती दगावली असती." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "शिवाय ती नवऱ्याशी बोलत होती. मधे कसं बोलणार?"

त्यांनी त्या संत्र्यांना हात लावला नाही. उदबत्त्या विझेपर्यंत मात्र तिथेच बसून राहिले.

दिनकर घारपुरे मूळचे चिपळूणचे. घर असं की अंडं फुटलं असतं तर त्यांच्या आईने भिंतीसुद्धा धुतल्या असत्या. इंजिनिअर होऊन ते अमेरिकेत गेले आणि केंटकी राज्यातल्या एका लहानशा गावात कारखान्याला लागले. तिथे उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि तिथेच दिनकरचे डिन झाले. मग कंपनीने सिंगापूरला पाठवलं, इथे निवृत्त झाले आणि राहून गेले. परत का गेला नाहीत विचारलं की म्हणायचे, "कुठे जायचं ते ठरवायला उठावं लागतं." लग्नाचंही उत्तर तयार होतं. "हललो असतो तर जमलं असतं."

केंटकीतल्या कारखान्यात वॉल्टर नावाचा एक फोरमन होता. त्याने नव्या हिंदू पोऱ्याला जेवणाच्या सुट्टीत निश्चल बसलेलं बघितलं. लहानपणी वडिलांनी संध्येला हलू न देता बसवलेलं, ती सवय अंगात मुरलेली. वॉल्टरने एवढंच विचारलं, की असा किती वेळ बसू शकतोस. काका म्हणाले, उठ म्हणेपर्यंत. पुढच्याच वसंतात वॉल्टरने त्यांना पहाटे जंगलात नेलं. वॉल्टर, डेल आणि रे हे तिघं मित्र, आणि चौथे आमचे काका. चौघं रानटर्कीच्या शिकारीला जायचे. अशी वर्षामागून वर्षं गेली.

रानटर्की म्हणजे नाताळला दुकानात दिसते ती पांढरी, लठ्ठ कोंबडी नव्हे, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. ती उडते, झाडावर झोपते, आणि तिला सगळं दिसतं. बोट हललं तरी दिसतं. म्हणून तिच्या मागे जाऊन उपयोग नसतो. तिला बोलवावं लागतं. शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढतो. त्यासाठी लाकडाची एक अरुंद डबी असते. झाकण तिच्या कडेवर घासलं की घोगरा, किंचित रडवेला आवाज निघतो. तो ऐकून लांबवरचा नर ओरडतो आणि यायला लागतो.

काका सांगायचे, "हाक मारायची आणि मग आपण नसल्यासारखं बसायचं. दोन्ही जमलं की तो येतो. बंदूक हे त्यातलं सगळ्यात किरकोळ काम."

ही डबी त्यांच्याकडे अजून होती. सकाळी चहाच्या आधी ते ती वाजवायचे. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला आमच्या घरात तो आवाज दबून यायचा. कुणीतरी लांबच्या खोलीत झोपेत काही विचारतंय असा. मेधा सुरुवातीला कानावर उशी घ्यायची. मग तिला सवय झाली. मला झाली नाही. तो आवाज संपला की पुढची शांतता मला भरलेली वाटायची. वाटायचं, आता उत्तर येईल.

काकांच्या शेजारच्या घरात लिम अंकल राहायचे. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. दिवसभरात चार शब्द बोलले तर त्या दिवशी बडबड झाली असं समजायचं. काकांना ते "मिस्टर गापू" म्हणत, कारण घारपुरे त्यांच्या तोंडात मावत नसे. काका आणि लिम बाहेर खुर्च्या टाकून एकत्र गप्प बसायचे. एका रविवारी काकांनी मला आणि लिम अंकलना शिकारीला नेलं.

सिंगापुरात शिकार म्हटलं तर तुरुंग. म्हणून बंदूक नव्हती, गलोलसुद्धा नव्हती. नदीपलीकडे, जिथे नव्या इमारती पोचलेल्या नव्हत्या, तिथे झाडीचा एक तुकडा होता. तिथे रानकोंबडे राहायचे. काका म्हणाले, टर्की नाही तर नाही, यांना बोलवू, बघू आणि घरी येऊ. शिकारीतला किरकोळ भाग तेवढा वगळायचा.

उजाडता उजाडता आम्ही आत शिरलो. आत गेल्यावर कळलं की ते रान नव्हतं. तिथे कधीकाळी गाव होतं. वेलींखाली फरशा होत्या, एक तुटका माठ होता, आणि एका ठिकाणी नुसताच सिमेंटचा उंबरठा, मागे घर नसलेला. लिम अंकल सरळ त्या उंबरठ्यापाशी गेले, चपला काढल्या आणि त्यावर बसले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माय मदर्स डोअर." लहानपणी ते या गावात राहायचे. गाव उठवलं तेव्हा सगळ्यांना फ्लॅट मिळाले.

काकांनी मला रंबुतानच्या झाडाखाली बसवलं. सूचना एकच होती. "हलायचं नाही. मनातही फार हलू नकोस, डोळ्यांत दिसतं." मग ते समोरच्या झाडाकडे गेले आणि नाहीसे झाले. मी त्यांना जाताना बघितलं होतं, कुठल्या झाडाखाली बसले तेही बघितलं होतं, तरी मला ते परत सापडले नाहीत.

डबी वाजली. रातकिडे थांबले. डास चावत होते, मी हललो नाही. एक घोरपड आली आणि माझ्या बुटावरून, माझा बूट म्हणजे वाटेतला दगड असल्यासारखी, निघून गेली. मग पायवाटेने एक माणूस पळत आला, सकाळच्या व्यायामाला निघालेला. आमच्या तिघांच्या मधून गेला. माझ्याकडे सरळ बघितलं त्याने. त्याच्या नजरेत मी नव्हतो. तो गेल्यावर मला एकदम हात वर करून बघावासा वाटला, आपला हात दिसतो का ते. मेल्यावर असंच असेल, असं मनात आलं. लोक असेच मधून पळत जात असतील.

तेवढ्यात वेलींतून कोंबडा आला. तांबडा, सोनेरी मान, हिरवी शेपटी. लिम अंकलच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबला, मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं, उंबरठ्यावर चढला आणि दुसऱ्या बाजूला उतरला. म्हणजे जिथे घर होतं त्या बाजूला. घरी येताना बसमध्ये लिम अंकल खिडकीबाहेर बघून हसत होते.

अशा आमच्या बऱ्याच शिकारी झाल्या. हळूहळू मीही बसायला शिकलो. ऑफिसात एकदा मीटिंग संपल्यावर सगळे उठले आणि दिवे बंद करून गेले, मी आतच होतो.

आता जेवणाबद्दल. केंटकीत हंगाम संपला की हे चौघं वॉल्टरच्या घराच्या ओसरीवर जेवायचे. पक्षी ज्याने टिपला त्याने साफ करायचा, आणि शिजवायचा काकांनी. रानटर्कीचं तंगडीचं मांस काळपट आणि चिवट असतं, अमेरिकन लोक ते टाकून देतात. काकांनी पाटील नावाच्या एका कोल्हापुरी विद्यार्थ्याकडून मांसाचा रस्सा शिकून घेतला होता. कांदा, सुकं खोबरं भाजून वाटायचं, वर आईने पाठवलेला मसाला. मसाला कुठल्या भाजीत घालतोस असं आई पत्रातून विचारायची आणि काका वांग्यात असं लिहायचे. डेल आणि रे रस्सा पावाने पुसून खायचे, डोळ्यांतून पाणी गळत असताना वाढ म्हणायचे. सोबत बर्बन. मक्याची दारू, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली. काका म्हणायचे, चांगल्या बर्बनचा वास जुन्या कपाटासारखा येतो, ज्यात कुणीतरी गूळ विसरलाय. ती ते काकांच्या स्टीलच्या फुलपात्रांतून प्यायचे, कारण पहिल्या वर्षी काचेचे ग्लास कमी पडले होते आणि मग तीच रीत पडली.

सिंगापुरातही काकांनी हे जेवण चालू ठेवलं होतं. रानटर्की इथे आणता येत नाही. गोठवलेली पाळीव टर्की दुकानात फक्त नाताळात मिळते, आणि जेवण तर तिकडच्या वसंतातलं. त्यांच्या फ्रीजमध्ये ती मावेना. म्हणून आमची ओळख झाली त्या डिसेंबरात ते एका पक्ष्याला दोन्ही हातांनी छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले. मे महिन्यापर्यंत तो आमच्या फ्रीजरमध्ये होता. आइस्क्रीम बंद, मटार बंद. अन्वी बर्फ काढायला गेली की त्याला गुड मॉर्निंग म्हणायची. मेधा रोज विचारायची, हे पार्थिव कधी उठणार आहे.

ते मे महिन्यातल्या एका रविवारी उठलं. मी ऑफिसच्या कामाने शिकागोला गेलो होतो तेव्हा बर्बन आणली होती. काकांनी सकाळपासून रस्सा रटरटत ठेवला होता. कॉरिडॉरभर खोबऱ्याचा वास. लिम अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलाभोवती आम्ही बसलो तरी दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि त्यांच्यापुढेही ताटं आणि फुलपात्रं मांडलेली होती. मेधाने विचारलं, अजून कोण यायचंय.

"डेल आणि रे," काका म्हणाले. ते दोघंही वारलेले होते हे मला माहीत होतं. मेधाला माहीत नव्हतं. ती दाराकडे बघत राहिली.

काकांनी सगळ्या फुलपात्रांत थोडी थोडी बर्बन ओतली. मेधाला आणि अन्वीला कोकम. पहिला घोट न बोलता घ्यायचा होता. मग त्यांनी डबी काढली आणि एका रिकाम्या खुर्चीकडे वळून झाकण ओढलं. आवाज आला तो त्यांचा रोजचा नव्हता. घाईघाईचा, एकावर एक चढलेला, मधेच थबकलेला. "हा डेल," ते म्हणाले. "त्याला दम नव्हता कशाला." दुसऱ्या खुर्चीकडे वळले. आता लांब, आळसावलेले स्वर, प्रत्येकानंतर इतकी शांतता की वाटावं माणूस झोपला. "हा रे."

काकांनी मला सांगितलं, आवाज डबीचा असतो, थांबणं ज्याचं त्याचं असतं. शेजारच्या टेकडीवर कोण बसलंय ते त्यांना अंधारात यावरून कळायचं.

संध्याकाळचे दिवे लागत होते. पडदा हलत नव्हता, पंखा काकांनी बंद केलेला. त्या दोन खुर्च्यांवर कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण मेधाने आपली खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली आणि त्या ताटांकडे पाठ होऊ दिली नाही.

मग काकांनी फोन लावला. आपली संध्याकाळ ती केंटकीतली पहाट. स्पीकरवर एक खरखरीत म्हातारा हसला. हा वॉल्टर, त्या तिघांतला जिवंत उरलेला. दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. वॉल्टर फोन घेऊन ओसरीवर आला असावा, दार करकरल्याचं ऐकू आलं. काकांनी डबी वाजवली, आपली स्वतःची हाक. थोडा वेळ नुसती हवा. मग त्या फोनमधून, पृथ्वीच्या पलीकडच्या कुठल्याशा टेकडीवरून, रानटर्कीचा एक नर ओरडला. गळा भरून, गडगडत. हौगांगच्या चौथ्या मजल्यावरच्या हाकेला त्याने उत्तर दिलं होतं. लिम अंकलनी चमचा खाली ठेवला. माझ्या अंगावर काटा आला तो बराच वेळ गेला नाही. वॉल्टर तिकडून हळूच म्हणाला, "ही इज कमिंग, डिन." आणि फोन ठेवला.

त्यानंतर रस्सा मात्र आम्ही सगळ्यांनी दाबून खाल्ला. अन्वी दोनदा पाणी पिऊन तिसऱ्यांदा मागत होती. भीतीनंतर भूक फार लागते.

पुढच्या वर्षी परत डिसेंबर, परत आमचा फ्रीजर, परत मे. यावेळी बर्बन लिम अंकलनी आणली होती, मुलीला भेटून येताना विमानतळावरून. डेल आणि रे यांच्या खुर्च्या, त्यांच्या हाका. मेधानेही यावेळी त्यांच्या ताटात भात वाढला. मग काकांनी फोन लावला.

बराच वेळ वाजला. उचलला, पण कुणी बोललं नाही. काकांना वाटलं नेहमीसारखंच आहे. त्यांनी डबी वाजवली. तिकडे कुणीतरी श्वास आत घेतला. मग बाईचा आवाज आला.

ती वॉल्टरची मुलगी होती, कॅरल. वडील हिवाळ्यात गेले, असं तिने सांगितलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही. कुणाकुणाला कळवायचं ते तिला माहीत नव्हतं. त्यांचा फोन तिने बंद केला नव्हता, कारण ते म्हणाले होते की वसंतात डिनचा फोन येईल. ती शनिवार-रविवार त्या घरी येऊन राहायची. स्वयंपाकघरात एक लहानसं स्टीलचं भांडं सापडलं, त्यावर बारीक टिंबाटिंबांनी काही कोरलं आहे, ते काय आहे असं तिने विचारलं.

काका म्हणाले, माझ्या आईचं नाव आहे. ती म्हणाली, आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं ती प्रार्थना असेल.

मला वाटलं आता फोन ठेवतील. पण तिने अडखळत सांगितलं, की लहानपणी ती अंथरुणात असताना ओसरीवरून बाबांची ती डबी ऐकू यायची. डिनला ती तशी वाजवता येते का?

काकांनी झाकण कडेवर टेकवलं. एक लांब स्वर आला, मग शांतता, मग दोन लहान, प्रश्न विचारल्यासारखे. परत शांतता. आणि शेवटी एकच, अगदी हळू, दारातून जाता जाता मागे वळून सांगावं तसा.

फोनमध्ये काहीतरी खरवडलं. नखं लाकडावर घासल्याचा आवाज. मग धडपड, आणि एक कण्हणं.

कॅरल दबक्या आवाजात म्हणाली की हा त्यांचा कुत्रा. म्हातारा झालाय, हिवाळ्यापासून स्टोव्हजवळून उठत नाही. आत्ता उठून दाराशी गेला आहे. दार उघड म्हणतोय.

आम्ही सगळे ते ऐकत होतो. एक कुत्रा, जो आम्ही कधी बघितला नव्हता, मेलेल्या धन्याची हाक ऐकून दार खरवडत होता, आणि ती हाक आमच्या टेबलावरून गेली होती. मेधाने अन्वीला मांडीवर घेतलं. काकांनी डबी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर झाकले, जणू ती आपणहून परत वाजेल.

कॅरल म्हणाली, "आय ओपन्ड इट." तिने दार उघडलं होतं. कुत्रा ओसरीवर जाऊन वॉल्टरच्या खुर्चीखाली बसला होता. ती रडत होती, पण आवाजात हायसं वाटल्यासारखंही काहीतरी होतं. पुढच्या वसंतात फोन करशील ना, असं तिने विचारलं. काका म्हणाले, करीन. फोन बंद झाला.

रस्सा निवत होता. कुणी वाढत नव्हतं. मी, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हणालो की काका, तुमच्यामुळे ते तिघं अजून आहेत.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो. तिघांच्याही हाका मला येतात." मग सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "माझी कुणाला येत नाही. शिकवायला कुणी राहिलं नाही."

त्या घरात मी कित्येकदा गेलो होतो. भिंतीवर एकही फोटो नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. हा माणूस इतकी वर्षं लोकांमध्ये बसून होता आणि त्याला ओळखून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

लिम अंकल उठले. मला वाटलं निघाले. ते टेबलाला वळसा घालून काकांच्या बाजूला आले, आणि काकांच्या हातांखालून ती डबी अगदी हळू काढून घेतली. झाकण कसं धरायचं ते त्यांना नीट जमेना. पहिला आवाज चिरकला. त्यांनी शर्टाच्या टोकाने कड पुसली, डोळे मिटले आणि परत ओढलं.

ती काकांची हाक होती. रोज सकाळी चहाच्या आधी येणारी. थोडी कच्ची, पण थांबायचं तिथे बरोबर थांबणारी.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. कधी शिकलास, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. लिम अंकलनी आपल्या घराकडच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. रोज भिंतीपलीकडे बसून ऐकतो, म्हणाले. आवाज आल्यावरच स्वतःचा चहा ठेवतो.

मग त्यांनी मान खाली घातली. त्यांच्यासाठी हे भाषणच झालं होतं.

"वन डे नो साउंड, मिस्टर गापू," ते म्हणाले, "देन हाउ?"

काकांनी पुढे होऊन डबीवरचा लिमचा अंगठा जरासा वर सरकवला.

"शेवटचा थोडा लांब," ते मराठीतच म्हणाले.

लिम अंकलना मराठी येत नाही. तरी त्यांनी शेवटचा स्वर लांबवला. काकांनी मान हलवली, परत असं बोटाने सांगितलं, आणि रस्सा गरम करायला भांडं उचलून आत गेले.